सोमवारचा तिसरा कागद

१

सात नंबरची खोली वहिनींनी उघडली तेव्हा शनिवारी दुपारचा एक वाजला होता. आत अंधार. त्यांनी बाहेरचं बटण दाबून दिवा लावला. त्यांचा धाकटा दीर पालथ्या क्रेटवर बसला होता. पाठ भिंतीला, हनुवटी छातीवर. अंगात एकावर एक दोन जाकिटं, डोक्याला कानटोपी, मांडीवर टॉर्च, तोही चालू.

"अरे ए, घरी झोप पुरत नाही का?" असं म्हणत वहिनींनी एक पाऊल आत टाकलं आणि त्यांचे गुडघे गेले. दाराला धरून त्या मागे कोसळल्या. चार माणसांना हाका मारल्या, कोणी येईना. मग श्वास कोंडून पुन्हा आत गेल्या आणि कॉलरला धरून त्याला फरफटत बाहेर आणला. तो कधीच गार झाला होता.

फळांचं शीतगृह होतं ते. फळं महिनोन्महिने टिकावीत म्हणून खोली बंद करून आत नायट्रोजन सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. प्राणवायू उरत नाही, बस. फळाला झोप लागते. माणसालाही लागते. फळ निदान सहा महिन्यांनी बाजार तरी बघतं.

सोमवारी संध्याकाळपर्यंत कंपनीने निकाल लावून टाकला. धाकटा कामचुकार होता. अकरा छत्तीसला दारावर कार्ड लावून तो बाहेर आला, तशी नोंद आहे. मग गुपचूप परत आत जाऊन झोपला. आणि मुकादम असलेल्या वहिनींनी आत न डोकावता दिवा घालवला. मेलेल्या माणसाला कामचुकार ठरवायला काहीच लागत नाही, तो उठून भांडत नाही. जिवंत बाईला आत टाकायला एक चौकशी लागते. ती शुक्रवारी ठरली. तिथून फाईल पोलिसांकडे.

"मी त्या दिवशी दिव्याला हातच लावला नाही. मी क्रेटच्या शेडमध्ये होते." वहिनी एवढंच सांगत राहिल्या. साक्षीदार कोणी नाही.

घरी थोरल्याने, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, एकदाच विचारलं होतं. "दिवा तू घालवलास?"

"नाही."

"मग झालं." तो भावाच्या चपला दारातून उचलून आत ठेवायला गेला. सगळं जग बायकोकडे बोट दाखवत होतं आणि हा एकटा तिच्या बाजूने उभा होता, तिने नाही म्हटलं म्हणून.

२

कामगार खात्याची तपासनीस बुधवारी आली. पन्नाशीची बाई, पायात पुरुषी बूट. समोरच्याचं वाक्य मध्येच तोडायची म्हणून खात्यात तिला कात्री म्हणत. तोंडावरही म्हणत, कारण तिला ते आवडायचं.

मॅनेजरला सगळे साहेब म्हणत. त्याने खुर्ची पुढे केली. "मॅडम, आमच्या इथे माणसाच्या चुकीला जागाच ठेवलेली—"

"एक माणूस मेलाय. पुढे."

"म्हणजे, सात नंबरला नायट्रोजन कधी सोडायचा हे आता माणूस ठरवत नाही. मशीन ठरवतं. शिकाऊ म्हणतो आम्ही त्याला." साहेब हसला. "पगार नाही, रजा नाही, युनियन नाही."

"आणि त्या शिकाऊने शनिवारी काय ठरवलं?"

"खोली रिकामी आहे असं. बरोबरच ठरवलं! नोंदी बघा. अकरा एकतीसला कार्ड आत. अकरा छत्तीसला कार्ड बाहेर. सदतीसला दिवा बंद. अडतीसला नायट्रोजन चालू, बेचाळीसला पूर्ण. खोली लहान आहे, फळांच्या नमुन्यांची. चार मिनिटं पुरतात."

"तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. या खुर्चीत. आता तो बाहेर येऊन परत आत घुसला, त्याला शिकाऊ काय करणार? वहिनींनी बघायला नको? घरचाच माणूस आहे म्हणून लाड, दुसरं काय. बायकांना मुकादम केलं की—"

"खोली दाखवा."

खोलीत दोन अंश तापमान होतं. कात्रीने क्रेट पाहिला, टॉर्च पाहिला. मेलेल्याच्या खिशात सापडलेलं कार्ड पाहिलं. मग ती त्याच क्रेटवर बसली.

"तर हा माणूस झोपायला आला. उन्हातली शेड सोडून बर्फात."

"त्याला सवयच होती तशी."

"झोपायला येणारा टॉर्च आणत नाही, साहेब. आणि दिवा असताना टॉर्च लावत नाही. दिवा गेला, त्याने टॉर्च लावला आणि बसून राहिला. दार आतून ढकललं तर उघडतं, मी आत्ताच ढकलून पाहिलं. त्याने ढकललं नाही. ओरडला नाही. दिवा गेल्यावर माणूस काय करतो? 'कोण रे तो' म्हणून शिवी घालतो. हा नाही घालत."

"म्हणजे?"

"म्हणजे दिवा जाणार हे त्याला ठाऊक होतं. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, दिवा जाईल, तू बसून राहा."

साहेबाने बाहेर जाऊन जाकीट शोधायला सुरुवात केली. जाकीट त्याच्या अंगातच होतं.

३

शिकाऊला शिकवणारा इंजिनिअर चष्मेवाला, हळू बोलणारा. कामगार त्याला गुरुजी म्हणत.

"तुमचा विद्यार्थी शिकतो कसा ते सांगा," कात्री म्हणाली. "माझ्या म्हाताऱ्या आईला कळेल असं."

गुरुजींना बरं वाटलं. शनिवारपासून त्यांना त्यांच्या कामाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. "आम्ही त्याला नियम लिहून देत नाही. काय केलं आणि त्यानंतर काय झालं, एवढ्याच नोंदी देतो. नियम तो स्वतः शोधतो. एक गोष्ट मात्र त्याच्यात आधीपासून घातलेली आहे. जे आहे ते तसंच राहतं, कोणी काही करेपर्यंत. माणूस आत गेला तर तो आतच. आता कोणत्या कृतीने खोली रिकामी होते, ते त्याने शोधायचं."

"शोधलं?"

"दोन उत्तरं सापडली त्याला. एक, कार्ड बाहेर लागलं की रिकामी. दुसरं, दिवा बंद झाला की रिकामी. दोन्ही तीन वर्षांच्या सगळ्या नोंदींना बसतात."

"दिव्याने माणूस बाहेर येतो होय?"

"नाही हो. पण वहिनी फार शिस्तीच्या. शेवटचं कार्ड बाहेर लागल्याशिवाय त्यांनी दिवा कधी घालवलाच नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. एखाद्या गबाळ्या मुकादमाने माणूस आत असताना चुकून दिवा घालवला असता, तर शिकाऊला फरक कळला असता. वहिनींनी तशी चूक केली नाही, त्यामुळे त्याला दोन्ही नियम सारखेच खरे. आणि दोन सारखे असले की तो छोटा धरतो. दिव्याचा छोटा आहे, त्यात कोण कोण आत गेलं ते लक्षात ठेवावं लागत नाही."

"थोडक्यात, बाई नीट वागली हा तिचा गुन्हा."

गुरुजी चष्मा पुसू लागले.

"खोली भरलेली की रिकामी, हे त्याला शेवटी सांगतं कोण?"

"माणूस. दार उघडून बघायचं आणि पडद्यावर भरायचं. वहिनी, साहेब किंवा मी."

"आणि एकदा झालेली नोंद बदलायची असली तर?"

"फक्त साहेब आणि मी."

"शिकतो कधी?"

"दर सोमवारी सकाळी आठला. आठवड्याच्या नोंदी वाचतो आणि एक कागद छापतो. सापडलेले नियम, आणि काही ठरवता येत नसेल तर प्रश्न. प्रश्न शिल्लक असेपर्यंत सर्टिफिकेट मिळत नाही. सर्टिफिकेट नाही तर बाकीच्या चाळीस खोल्या त्याच्या ताब्यात देता येत नाहीत."

"शेवटच्या तीन सोमवारचे कागद द्या."

गुरुजींनी दोन दिले.

"मधला?"

"असेल कुठेतरी."

"गुरुजी, तुम्ही पेन्सिलींनासुद्धा नंबर घातलेत. दोन नंबरचा कागद काढा."

तो खणात सगळ्यात खाली होता. कात्रीने तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले.

पहिला: "दिवा बंद झाला की खोली रिकामी. किंवा, कार्ड बाहेर लागलं की खोली रिकामी. ठरवता येत नाही. कार्ड आत आणि दिवा बंद, असं एक उदाहरण द्यावं."

दुसरा: "दिवा बंद झाला की खोली रिकामी, नायट्रोजनचा व्हॉल्व्ह बंद असेल तेव्हा सोडून. कार्ड आत, दिवा बंद आणि व्हॉल्व्ह उघडा, असं एक उदाहरण द्यावं."

तिसरा, धाकटा मेल्यानंतरच्या सोमवारचा: "कार्ड बाहेर लागलं की खोली रिकामी. दिव्याचा संबंध नाही. प्रश्न शिल्लक नाही."

कात्रीने दुसरा कागद पुन्हा वाचला. त्यात तो व्हॉल्व्ह आला कुठून? पहिल्या आणि दुसऱ्या सोमवारच्या मध्ये कोणीतरी व्हॉल्व्ह बंद करून, दिवा घालवून, अंधारात माणूस बसवला होता. शिकाऊने मागितलेलं उदाहरण त्याला दिलं होतं. तो माणूस जिवंत बाहेर आला होता.

आणि शिकाऊ त्यातून भलतंच शिकला होता.

४

वहिनी क्रेटच्या शेडमध्ये होत्या. निलंबित होत्या, पण घरी सासूसमोर बसवत नव्हतं म्हणून रोज यायच्या आणि तुटके क्रेट वेगळे काढायच्या.

"दीर मेला त्याच्या आदल्या शनिवारी सातमध्ये कोण बसलं होतं?" कात्रीने उभ्याउभ्याच विचारलं.

वहिनींच्या हातातला क्रेट खाली गेला.

"साहेब म्हणाले, मशीनची परीक्षा आहे, पाच मिनिटं एक माणूस बसवा. दुसऱ्या कोणाला कसं सांगू? कोणी का बसावं? म्हणून घरच्याच माणसाला, दिराला म्हटलं. व्हॉल्व्ह मी माझ्या हाताने बंद केला, बाई. चारदा ओढून पाहिला. मग दिवा घालवला. पाच मिनिटांनी स्वतः दार उघडलं."

"आणि तो?"

"हसत आला बाहेर." वहिनींचा चेहरा वाकडा झाला. "म्हणतो, वहिनी, काय शांत आहे हो आत! घरी तुमची टकळी, इथे नुसता गारवा. दर शनिवारी बसवत जा. मी पाठीत धपाटा घातला त्याच्या."

"दुसऱ्या वेळी कोणी बसवला?"

"मला नाही माहीत. देवाशप्पथ नाही माहीत. मला साहेबांनी शेडमध्ये क्रेट मोजायला पाठवलं होतं."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

वहिनी क्रेटची तुटकी फळी उपटू लागल्या.

"नीट ऐका. पहिल्या वेळी हुकूम साहेबांचा होता, हे फक्त तुम्ही सांगू शकता. ते आलं की दुसऱ्या वेळचं साहेबांवर जातं आणि तुम्ही सुटता. नाही आलं तर दिवा घालवायचं काम तुमचं, चूक तुमची, तुरुंग तुमचा."

"यांना कळेल."

"कोणाला?"

"थोरल्यांना. ह्यांनी लहानाचा मोठा केलाय त्याला. आई कामाला जायची तेव्हा ह्यांनी भरवलाय त्याला. मीच त्याला त्या खोलीत अंधारात नेऊन बसवला, हे कळलं तर..." त्यांनी क्रेट उचलला. "मला आत जाऊ द्या, बाई. तिथे मी निर्दोष म्हणून तरी जाईन. ह्यांच्या लेखी."

"म्हणजे सुटायचं नाही?"

"नाही."

कात्रीने खांदे उडवले. कोणी सुटायला तयार आहे की नाही, हे विचारायची तिला सवय नव्हती.

५

गुरुवारी तिने साहेब आणि गुरुजींना एकाच खोलीत बसवलं.

"एक गंमत सांगते. शनिवारची नोंद म्हणते, कार्ड बाहेर लागलं, मग दिवा गेला. म्हणजे कार्डाचा नियम म्हणतो खोली रिकामी. दिव्याचा नियमही म्हणतो रिकामी. दोघांचं एकमत. बरोबर, गुरुजी?"

"बरोबर."

"मग अशा नोंदीवरून शिकाऊला दिव्याचा नियम चूक आहे हे कळेल का?"

गुरुजींनी तिसरा कागद स्वतःकडे ओढला.

"नाही कळणार. प्रश्न जसाच्या तसा राहील. पण सोमवारी सकाळी आठला तो छापतो, दिव्याचा संबंध नाही, प्रश्न शिल्लक नाही. म्हणजे त्याने वाचली ती नोंद वेगळी होती. तिच्यात कार्ड आत होतं, व्हॉल्व्ह उघडा होता, दिवा बंद होता, आणि कोणीतरी शेवटी दार उघडून पडद्यावर भरलं होतं: खोली भरलेली. शिकाऊ ते शिकला. आणि तो शिकल्यानंतर कोणीतरी ती ओळ खोडून कार्ड बाहेर आणलं. आता नोंदी बदलणारे दोघेच. दोघेही माझ्यासमोर."

"मॅडम, हा आरोप—" साहेब म्हणाला.

"आरोप अजून केलाच नाही, कशाला घाई करता? मी आधी म्हटलं गुरुजी असतील. पण गुरुजींनी नोंद बदलली असती तर शिकाऊला पुन्हा शिकायला बसवून तिसरा कागदही नवा छापला असता. त्यांना ठाऊक आहे की नोंद बदलली तरी शिकलेलं आपोआप बदलत नाही. ही चूक ज्याला शिकाऊ म्हणजे जाडजूड रजिस्टर वाटतं त्याची आहे." ती गुरुजींकडे वळली. "तुम्ही नाही केलंत. मग गप्प का?"

गुरुजी फुटले. असे लोक फुटतात तेव्हा तपशीलवार फुटतात. "दुसऱ्या कागदाला मी उत्तर दिलं होतं, असं उदाहरण देता येणार नाही. साहेब म्हणाले, एका ओळीसाठी चाळीस खोल्या अडकवणार का? मी म्हटलं, व्हॉल्व्ह बंद ठेवला की शिकाऊ त्यालाच कारण समजतो. बाकी सगळं नेहमीसारखं ठेवून फक्त माणूस आत हवा. पण तसं कसं करणार? साहेब म्हणाले, तुम्ही घरी जा. मी... मी घरी गेलो."

"शाब्बास. आणि सोमवारी कागद वाचून?"

"कळलं. मधला कागद खणात तळाशी ठेवला."

साहेब खिडकीकडे पाहत होता. आवाज चढवायचा त्याने प्रयत्न केला, जमला नाही. मग हळूहळू सांगू लागला, जणू त्याचीच तक्रार होती.

"दिवा घालवून मी दाराशीच होतो. घड्याळ लावून. तो हाक मारेल, मी उघडेन. चारच मिनिटं. नायट्रोजन काय विष आहे का? हवेत असतोच की. त्याने हाकच मारली नाही."

"तिथे कोणी हाक मारत नाही. दोन-तीन श्वासांत माणूस बसल्या जागी जातो. तुमच्या दारावरच्या पाटीवर लिहिलंय. किती वाजता उघडलंत?"

"अकरा बावन्न."

"बेचाळीसला संपलं. दहा मिनिटं काय केलंत?"

"आतून आवाज येईना. मला वाटलं गंमत करतोय. मागच्या वेळी त्याने म्हणे खूप गंमत केली होती."

"दार उघडलंत. मेलेला पाहिलात. आणि पडद्यावर भरलंत, खोली भरलेली, एक माणूस."

"हो."

"डॉक्टर नाही, हाक नाही. आधी ती ओळ."

साहेबाने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "उदाहरण तर झालं होतं ना. वाया कसं जाऊ द्यायचं?"

गुरुजींनी तोंडावर हात धरला. कात्रीने वाक्य शब्द न बदलता लिहून घेतलं.

"मग दार लावलंत आणि निघालात."

"डबा खायला."

"आणि वहिनींना सापडू दिलात."

"कोणाला तरी सापडणारच होता."

६

शुक्रवारी चौकशीची खोली भरली होती. समितीचे तिघे, वकील, कामगार, आणि मागच्या बाकावर थोरला. तो दाढी करून आला होता. बायको सुटणार हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

साहेबाच्या वकिलाकडे एकच मुद्दा होता. आदल्या दिवशीचा जबाब दबावाखाली दिलेला आहे. माणूस आत बसवायचा हुकूम आपल्या अशिलाने कधीच, कोणालाच दिला नव्हता. कोणाला दिला असेल तर त्या माणसाने समोर यावं.

कात्रीने वहिनींकडे पाहिलं. "सांगा."

वहिनी उभ्या राहिल्या. "मला काही सांगायचं नाही."

"पुन्हा विचारते."

"नाही सांगायचं."

"ठीक आहे," कात्री म्हणाली, आणि बुधवारी शेडमध्ये ऐकलेलं सगळं वहीतून वाचू लागली. साहेबांनी कोणाला सांगितलं. कोणी व्हॉल्व्ह बंद केला, चारदा ओढून पाहिला. कोणी दिवा घालवला. तो हसत बाहेर आला ते. टकळी, गारवा, धपाटा, सगळं. तिच्या आवाजात चढ नव्हता की उतार. वहिनी मध्येच "बाई, बास," म्हणाल्या. ती थांबली नाही.

वकील खाली बसला. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "हे खरं?"

"खरं," वहिनी म्हणाल्या.

मागच्या बाकावरून थोरला उठला. तो समितीशी बोलला नाही. "पहिल्या वेळी तो नको म्हणाला होता का?"

"नाही." वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही. "मी सांगितलं म्हणून गेला."

"आणि दुसऱ्या वेळी?"

याचं उत्तर तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. तरी ते वहिनींनाच द्यावं लागलं.

"पहिल्या वेळी काही झालं नाही म्हणून."

थोरल्याने मान हलवली, जसं एखाद्याने रस्ता सांगितल्यावर हलवतात. मग तो बाकांच्या रांगेतून बाहेर पडला. जाताना दारात अडखळला, तेव्हा एका कामगाराने हात पुढे केला. त्याने तो झटकला.

साहेबाला दुपारी नेलं. गुरुजींना साक्षीदार केलं. शिकाऊला त्याच आठवड्यात सर्टिफिकेट मिळालं. प्रश्न शिल्लक नव्हता आणि नियम आता चोख होता.

खोली रिकामी होत आली तेव्हा कात्रीने वहिनींपुढे कागद सरकवला. ठपका नाही, कामावर परत घ्यावं, सही करा. वहिनींनी न वाचता सही केली. पेन परत देताना म्हणाल्या, "मला एक सांगा, बाई. हे तुम्ही आतल्या खोलीत, त्या तिघांसमोरच वाचलं असतंत तर चाललं नसतं का?"

"चाललं असतं," कात्री म्हणाली आणि पुढची फाईल उघडली.